साफ केलेली प्रत
नव्या डिस्कचं वेष्टन फाडताना प्लास्टिकचा वास आला की मला शहापूरच्या घरातली ती दुपार आठवते. जुने चित्रपट मी यादी करून जमवते. म्हसा गावच्या जत्रेत चित्रित झालेल्या एका कृष्णधवल चित्रपटाची, संग्राहकांसाठी साफ केलेली प्रत त्या दिवशी आली होती. सासूबाई लगेच टीव्हीपुढे बसल्या. चित्रीकरण झालं त्याच वर्षीच्या जत्रेतून त्यांची आई परतली नव्हती, आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. जुन्या कॅसेटवर गर्दी म्हणजे नुसता धुरळा दिसायचा. आता चेहरान्‌चेहरा उमटला होता. “थांबव गो! हीच माझी आय. हनवटीवरचं गोंदण बघ.” मी चित्र थांबवलं. ती थेट आमच्याकडे बघत होती. तिचं मनगट कुणीतरी आवळून धरलं होतं; माणूस चौकटीबाहेर होता, पण त्या हाताला अंगठा नव्हता. सासूबाई पडद्याजवळ सरकल्या. “बाचा हात. अंगठा गिरणीत गेलेला. पण बा तर म्हनायचा, मी जत्रेला गेलोच नाय.” मग त्या म्हणाल्या, “आय राहू दे. तो हात काढ.” तो कसा काढणार? मी उठून पडद्यावरच्या त्या हातावर माझा तळवा ठेवला. अजूनही दर सर्वपित्रीला सासूबाई आईला बघायला बसतात, आणि त्यांचं बघून होईपर्यंत मी तशीच तळवा ठेवून उभी राहते.