ज्यांनी ऐकलं त्यांना सांगा

महाराजांच्या प्रवचनाची ती क्लिप मला माझ्या मैत्रिणीनं दाखवली. शाळेच्या स्टाफरूममध्ये. फोन माझ्यापुढे धरला आणि ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. क्लिप संपल्यावर मी काय म्हणते, हेच तिला पाहायचं होतं.

आमच्या शाळेत मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. ती ख्रिस्ती. तिच्या घरचे मूळचे नगरकडचे, वडील फौजेत होते म्हणून इंदूरजवळच्या महूला आले आणि तिथलेच झाले. तिची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी महूत अजून सगळे तिला सिस्टरच म्हणतात.

आणि महाराज आमचे. म्हणजे माझ्या सासूबाईंचे गुरू. दर हिवाळ्यात महाराष्ट्रातून इंदूरला येतात, आठवडाभर प्रवचन करतात. माझा नवरा आयोजक समितीत असल्यामुळे एक दिवस त्यांचं जेवण आमच्याकडे असतं. क्लिपमध्ये गेल्या हिवाळ्यातलं, पहिल्या दिवशीचं प्रवचन होतं. महाराज म्हणत होते, "या लोकांची सेवा म्हणजे गळाला लावलेलं आमिष. नर्स एका हातानं मलमपट्टी करते आणि दुसऱ्या हातानं तुमचा धर्म काढून घेते." पाठोपाठ टाळ्या.

"मागचं-पुढचं कापलं असेल," मी म्हणाले.

"असेल," ती म्हणाली. "मधलं तर त्यांचंच आहे ना, ताई?"

दुसऱ्या दिवशी समितीनं सगळ्यांच्या फोनवर महाराजांचं निवेदन पाठवलं. 'माझ्या बोलण्याने कोणाच्या भावना दुखावल्या गेल्या असतील, तर मी दिलगिरी व्यक्त करतो.' मी व्याकरण शिकवते. दुखावल्या गेल्या असतील, तर. म्हणजे दुखावल्या नसतील तर दिलगिरीही नाही, आणि दुखावल्या कोणी, तेही वाक्यात कुठे नाही. मी नवऱ्याला विचारलं, हे महाराजांनी लिहिलं की तुम्ही? तो म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत शक का येतो? पोलीस थाण्यात तक्रार गेली तर मंडपाची परवानगी रद्द होईल. मामला ठंडा करायचा होता, केला."

त्यानंतर महाराज आमच्याकडे जेवायला आले. सासूबाईंनी पुरणपोळी केली होती. मी वाढत असताना महाराज एकाएकी मला म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीच्या आई नर्स होत्या म्हणे. मला त्यांना भेटायचंय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं ताटात मान घातली. माझ्या मनात लगेच आलं, आता फोटो काढतील. सिस्टर खुर्चीत, महाराज हात जोडून, आणि खाली दोन ओळी सद्भावनेच्या. मी मैत्रिणीला फोन केला. तिनं आधी कोण कोण येणार ते विचारलं. मग म्हणाली, "येऊ दे. पण फोन बाहेर गाडीत ठेवायचे. सगळ्यांनी."

मला वाटलं, ही अट ऐकून बेत मोडेल. मोडला नाही.

आमच्याच गाडीतून गेलो. नवरा, मी, महाराज आणि त्यांचा एक शिष्य. महूला तिच्या दारात शिष्यानं फोन गाडीत ठेवला खरा, पण त्याच्या झब्ब्याच्या दुसऱ्या खिशाकडे माझं लक्ष होतंच. सिस्टर पुढच्या खोलीत बसल्या होत्या. पांढरी साडी, गुडघ्यांवर शाल. त्यांनी लेकीला पाणी आणायला सांगितलं. महाराज बाहेरचं पाणी घेत नाहीत, त्यांचा तांब्या सोबत असतो, हे मला ठाऊक होतं. मी ग्लासाकडेच बघत होते. त्यांनी तो उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. तरी मला वाटलं, पाणी पिणं काय, सोपं आहे.

मग ते खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बाई, मी बोललो ते चूक होतं. मला तुमच्या कामाची काही माहिती नव्हती. ऐकीव गोष्ट मी माझी म्हणून सांगितली. मला क्षमा करा."

यात 'जर' नव्हता, 'तर' नव्हता. मी ते वाक्य मनात दोनदा तपासलं.

सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "महाराज, मी तर ते ऐकलंच नव्हतं. हिनं दाखवलं म्हणून कळलं. माझी माफी मागून काय होणार? ज्यांनी ऐकलं त्यांना सांगा."

चहा झाला. सिस्टरनी महाराजांच्या सुजलेल्या पावलांकडे बघून त्यांना मीठ कमी करायला सांगितलं. आम्ही निघालो.

परतताना वाटेतलं राऊ गाव मागे पडल्यावर मला राहवेना. "महाराज, माईकवर सांगाल का हे?"

नवऱ्यानं आरशातून माझ्याकडे डोळे वटारले. महाराज म्हणाले, "पहिल्या दिवशी ज्यांनी टाळ्या वाजवल्या तेच समोर बसतात, ताई. ते उठून जातील."

"मग?"

"मग काय. भीती वाटते."

हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मला त्याचाही संशय आला. भीती कबूल केली की माणूस मोठा दिसतो, आणि काम मात्र तिथेच राहतं.

समारोपाला मी मुद्दाम मंडपात अगदी मागे बसले. सासूबाई नेहमीसारख्या पहिल्या रांगेत, खुर्चीवर. नवरा साउंडवाल्याजवळ उभा. महाराज नामाचं महत्त्व सांगत होते, आणि मध्येच थांबले. "पहिल्या दिवशी मी याच जागेवरून एक वाक्य बोललो होतो," ते म्हणाले. आणि माईक बंद पडला.

दिवे चालू होते. पंखे चालू होते. स्टेजवर महाराजांचे ओठ हलत होते, त्यांनी हात जोडले, पुढच्या रांगांतले काही लोक खरंच उठले. मागे आम्हाला काहीच ऐकू येत नव्हतं. शेजारची बाई मला विचारायला लागली, "काय म्हणताहेत हो?" आवाज परत आला तेव्हा आरतीची तयारी सुरू झाली होती.

मी तडक साउंडवाल्याकडे गेले. "वायर ढिली होती, मॅडमजी," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, "होतं कधी कधी." एवढी वर्षं ज्या माणसाशी संसार केला, त्याच्या हातांकडे मी त्या संध्याकाळी पहिल्यांदाच चोरून बघत होते.

घरी येऊन मैत्रिणीला फोन लावला. म्हटलं, महाराज बोलले.

"तुम्ही ऐकलंत, ताई?"

"नाही. माईक बंद पडला."

ती हसली. ते हसू मला लागलं, पण तिच्या जागी मीही हसले असते.

इतक्यात सासूबाईंनी माझ्या हातून फोन घेतला. "मी ऐकलं," त्या म्हणाल्या. "मी समोरच होते. म्हणाले, मी खोटं बोललो, त्या बायकांनी आपल्या लोकांच्या जखमा धुतल्या, मला लाज वाटते. असंच म्हणाले."

पलीकडून मैत्रीण काहीतरी विचारत होती. सासूबाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"राग आला मला," त्या म्हणाल्या. "आमच्या महाराजांनी हात जोडले म्हणून. पण बेटा, पहिल्या दिवशी मीही टाळ्या वाजवल्या होत्या. तुझ्या आईला हे सांग. नाही तर राहू दे, मीच सांगते, दे त्यांना."

फोन घेऊन त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. काय बोलणं झालं ते मला दोघींनीही सांगितलं नाही.

धर्मगुरूंनी माफी मागावी की नाही, यावर स्टाफरूममध्ये अजून वाद होतात. मी म्हणते, मागावी, आणि ज्या माईकवर बोलले त्याच माईकवर मागावी. पण माईक कोणाच्या हातात असतो, हेही बघावं.

यंदाच्या हिवाळ्यात समितीनं दुसरे महाराज बोलावले. मी नवऱ्याला कारण विचारलं. "तारखा जुळल्या नाहीत," तो म्हणाला. सासूबाईंनी आमचं बोलणं ऐकलं. प्रवचनाच्या पहिल्या दिवशी त्या गेल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या.