लूमच्या गल्लीतला खोकला

१४ मे २००४, शुक्रवार. मुलीच्या हर्नियाच्या ऑपरेशनचे साडेआठ हजार ठरले होते, त्यात भूलतज्ज्ञांची फी धरलेली. धामणकर नाक्याजवळच्या लहानशा हॉस्पिटलात मी, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि कल्याणहून आलेले भूलतज्ज्ञ होतो. सर्जन यायचे होते. शुक्रवारी लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, म्हणून तो वार धरला.

लूमसाठी सूत घेण्याचं माझं काम, त्यामुळे कुठलीही वस्तू दुसरीशी ताडून बघायची मला सवय. भूल दिल्यावर पोरीचा श्वास कसा चालवणार, ते मी विचारलं. डॉक्टरांनी कंटाळा न करता दोन्ही साधनं दाखवली. एक बारीक नळी. ती स्वरतंतूंमधून थेट श्वासनलिकेत जाते, पोटातलं काही वर आलं तरी छातीत उतरू देत नाही. दुसरा रबरासारखा मऊ मास्क, तो घशात वरच बसतो, श्वासनलिकेत जात नाही.

"यातलं चांगलं कोणतं?"

"मूल बघून ठरवायचं. सर्दी-खोकला असेल तर नळीनं घसा चिडतो, तिथं मास्क बरा. नसेल तर मी नळीच घालतो, माझा हात तिच्यावर बसलाय. हिला खोकला आहे?"

"न्हाय," बायको म्हणाली. मीही मान हलवली. त्यांनी छाती तपासली, ती साफ होती.

ऑपरेशन नीट झालं. पण नळी काढली आणि पोरीचा घसा आवळला. ऑपरेशनच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं, तिचे जांभळे पडलेले ओठ मला दिसले. डॉक्टरांनी ऑक्सिजनचा मास्क तोंडावर दाबून धरला. बायकोनं माझा दंड धरला होता. मग पोर रडली, घोगऱ्या आवाजात.

भूलतज्ज्ञ डॉक्टर बाहेर आले तेव्हा आम्ही दोघं खोकत होतो.

"तुम्ही सगळेच खोकता की."

"हा खोकला न्हाय डॉक्टर," बायको म्हणाली. "घराखाली लूम हायेत, सुताचं बारीक तूस जातं घशात. पोरगी पन असंच करते सकाळची."

"मग तुमच्याकडं खोकला म्हणतात कशाला?"

"ताप आला तर."

ते हसले नाहीत. "आधी कळलं असतं तर मास्क घातला असता. नाहीतर घरी पाठवून पुढची तारीख दिली असती."

आम्ही खोटं बोललो नव्हतो. आमच्या गल्लीत तो खोकला कोणी धरतच नाही. मास्क घातला असता तरी त्रास झालाच नसता असं नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. त्यानं माझं समाधान होत नाही. सुताची प्रत्येक गोणी मी वजन करून घेत होतो आणि शेजारी पोर खोकत होती. तिला तिथून आधीच हलवायला हवं होतं.

एक रात्र जास्त राहावं लागलं, हॉस्पिटलला नऊ हजार शंभर दिले. जूनमध्ये कोन गावात, लूमपासून लांब, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकीण मावशींना पंधरा हजार डिपॉझिट दिलं.