मार्थाबाय हॉटेलात राहते

पाचूबंदरच्या मार्थाबायने ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पाटल्या घालून खाडीकाठच्या त्या महागड्या हॉटेलात एका रात्रीची खोली घेतली, तेव्हा बंदरावर एकच गलका झाला. आयुष्यभर डोक्यावर मासळीची पाटी वाहिलेली विधवा, आणि हिला म्हणे मऊ गादीवर झोपायची हौस! बोलोत बापडे. हौसबिस काही नव्हती. मार्थाबायला सूड घ्यायचा होता, आणि तोही पुढच्या दाराने आत शिरून.

हॉटेल कॉन्रॅडसाहेबाचं. हा मुंबईचा गडी. उल्हास नदी जिथे फुगून खाडी होते तिथला एक बंगला त्याने घेतला आणि वसईच्या घराघरांतलं जुनं सामान गोड बोलून आणून भरलं. नक्षीचे पलंग, चिनी बरण्या, गलबताचं सुकाणू, काय न् काय. मुंबईचे साहेबलोक येत आणि आमच्या आज्यांच्या झोपाळ्यावर झुलत सिगारेटी ओढत.

तीन वर्षांमागे हाच कॉन्रॅड मार्थाबायच्या दारात आला होता. त्याच पावसात तिचा नवरा होडीसकट गेला होता. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू तेरेसाबाय. भिंतीवर शिसवी आल्तार, म्हणजे सायबीण मावलीचं, येशूच्या आईचं, दोन दारांचं कोरीव देवघर. "मावशी, वाळवी लागलीय की! नाताळपर्यंत नीट करून, पॉलिश मारून आणून देतो," असं म्हणून त्याने कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला. आपल्याच धर्माचं माणूस, मार्थाबायने विश्वास टाकला. मूर्ती तेवढी काढून तिने पत्र्याच्या पेटीवर ठेवली.

नाताळ गेला, ईस्टर गेला. ती विचारायला जाई, तर नोकर मागच्या दाराशी मासळी उतरवून घेत आणि साहेब मुंबईला गेलेत म्हणून वाटेला लावत. इकडे चुलीच्या धुराने काळ्या झालेल्या भिंतीवर आल्ताराच्या जागी कोरा चौकोन राहिला. सासूला नीट दिसेना. ती त्या चौकोनाकडे तोंड करून रोज माळ ओढायची आणि विचारायची, "मार्था, सायबिनीची दारं अजून का नाय गो उघडलीस?" त्या कोऱ्या भिंतीकडे बघतच म्हातारी गेली. "तळपट होवो त्या मेल्याचं!" मार्थाबाय कबरीपाशी फादरच्या देखत ओरडली.

तर आता ती हॉटेलात होती. मॅनेजर नवा होता, पाटल्या पाहून त्याने मुकाट किल्ली दिली. दुपारी जेवणघर रिकामं बघून ती तिथल्या भिंतीवर टांगलेल्या आपल्या आल्तारापुढे गेली आणि हळूच दार किलकिलं केलं. आत बाटल्या! अहो, दारूबंदीचे दिवस, आणि या चांडाळाने विलायती दारू लपवायला जागा शोधली ती मावलीची. मग तिला आठवलं, आज दारूबंदीचा बडा अधिकारी जेवायला येणार म्हणून आचाऱ्याने पापलेटं तिच्याकडूनच मागवली होती. तिने दार लावलं आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

संध्याकाळ झाली. सायबिणीच्या सणाची संध्याकाळ. अधिकारी घास घेतात न घेतात तोच, मार्थाबायने आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, धक्क्याला होडी लागली. मार्थाबायचा दीर आग्नेल आणि सगळी आळी, हातात मेणबत्त्या, टोपलीत उकडलेले चणे. जिथे आल्तार तिथे लादीन, ही आमची रीत. सणाला आल्तारापुढे प्रार्थना गायची, शेवटी दारं उघडायची आणि चणे वाटायचे. गात गात सगळे थेट जेवणघरात शिरले.

कॉन्रॅड धावत आला. "मावशी, हा काय तमाशा?"

"तमाशा कसला? मी हितली पावनी हाय," मार्थाबाय म्हणाली आणि तिने आल्ताराच्या कडीवर हात ठेवला. मग आवाज उतरवून, त्यालाच ऐकू जाईल असं विचारलं, "सनाची दारं उघडायची हायेत. हितं उघडू, का माझ्या घरी नेऊन उघडू?"

अधिकारी कौतुकाने बघत होते. कॉन्रॅडचं तोंड पांढरंफटक पडलं.

"घरी ने," तो पुटपुटला. "नोकरांना सांगतो."

"नोकर नाय. तू नेलास, तूच उचल."

उचलला की! पांढऱ्या पाटलोणीत, घामाघूम, आल्तार लहान पोरासारखा छातीशी धरून तो पायऱ्या उतरला. आत बाटल्या किणकिणत होत्या आणि आग्नेलने गाण्याचा आवाज चढवला होता. ओहोटी लागलेली. धक्क्यालगतचं पाणी हटल्याने होडी मागे ओढलेली, आणि तिथपर्यंत गुडघाभर चिखल. साहेबलोक व्हरांड्यात उभे राहून बघत होते आणि कॉन्रॅड पाऊल पाऊल रुतत चालला होता. मार्थाबायने डोळे भरून पाहिलं.

होडी गेली, ती मात्र चढली नाही. "माझी रात हाय अजून," म्हणाली.

कॉन्रॅड चिखलाने माखून जेवणघरात परतला, तर ती तिथेच उभी. पाहुण्यांच्या सिगारेटींनी पिवळ्या पडलेल्या भिंतीवर आल्ताराच्या जागी कोरा चौकोन उमटला होता. मार्थाबायने एक खुर्ची ओढून बरोबर त्याच्यासमोर मांडली.

"बस," ती म्हणाली. "माझी सासू मरेपर्यंत हेच बघत होती."

आणि ती झोपायला गेली.