सांगायचं काम साडूंकडे

माझ्या साडूंइतका कमी बोलणारा माणूस अख्ख्या पुणे शहरात दुसरा नसेल, आणि पुण्यात हा मान मिळवणं सोपं नव्हे, इथे स्पर्धा फार. नात्याने ते माझे साडू आणि नोकरीत माझे साहेब, त्यामुळे त्यांच्या न बोलण्याचा लाभ मला घरी आणि ऑफिसात असा दोन्हीकडे होत आला आहे. मुलगी बघायला आले तेव्हा माझ्या सासऱ्यांनी विचारलं, काही विचारायचंय का? हे म्हणाले, ‘नाही.’ निघताना मुलगी कशी वाटली म्हणून विचारलं, तर ‘ठीक.’ सासरेबुवांनी निराश होऊन दुसरं स्थळ बघायला घेतलं, आणि तेवढ्यात हे मंगल कार्यालयाची तारीख ठरवूनच दारात उभे राहिले. बिबवेवाडीत त्यांच्या सोसायटीखाली एकदा कोणी परगावच्या माणसाने कात्रजचं सर्पोद्यान कुठे आहे म्हणून विचारलं. साडू म्हणाले, ‘पुढे.’ तो गृहस्थ बिचारा घाट ओलांडून गेला म्हणे. पण कळस झाला तो हर्नियाच्या ऑपरेशनच्या वेळी. नेहमीसारखे सकाळी घराबाहेर पडले आणि संध्याकाळी बायकोला फोन केला, ‘डबा आण.’ कुठे? ‘हॉस्पिटलात.’ तोवर ऑपरेशन उरकलं होतं, आणि नातेवाईक म्हणून सही केली होती त्यांना सोडायला आलेल्या रिक्षावाल्याने. माझ्या थोरल्या मेहुणीने तो धक्का अजून पचवलेला नाही.

अशा माणसाला कंपनीने समजावून सांगायचं काम दिलं, हे ऐकून माझ्या हातातला चहा सांडला. झालं असं, की आमच्याकडे प्रोग्रॅम लिहायला मदत करणारा एक एआय सहायक आला. हा नुसता हुशार नाही, त्याला स्मरणशक्तीही आहे. काल शिकवलेलं आज पुन्हा सांगावं लागत नाही. त्याच्या हाताशी टूल्स दिलेली असतात, एक शोधणारं, एक तपासणारं, एक पुसणारं. त्यातलं कुठलं कधी उचलायचं हे तो ठरवतो ते टूलला जोडलेल्या वर्णनावरून, आणि फक्त त्यावरूनच. म्हणून तिथे नीट लिहावं लागतं, की हे काय करतं, कधी वापरावं आणि कधी अजिबात हात लावू नये. टूल्स साडूंनी केलेली, तेव्हा वर्णनंही त्यांनीच लिहिली. पहिल्याचं वर्णन, ‘शोधते.’ दुसऱ्याचं, ‘तपासते.’ तिसऱ्यावर मात्र त्यांनी सढळ हाताने दोन शब्द खर्च केले, ‘जुनं काढते.’ मी भीत भीत म्हटलं, जरा विस्ताराने लिहिलं तर? त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी मांजरी भागातल्या ट्रॅफिकबद्दल बोलायला लागलो.

मग एका सोमवारी आमच्यातल्या कोणीतरी सहायकाला सांगितलं, कॉम्प्युटरवरची जागा भरत आलीय, जरा आवराआवर कर. त्याने ‘जुनं काढते’ वाचलं आणि ते टूल चालवलं. साडूंच्या मनात होत्या जुन्या तात्पुरत्या फायली. सहायकाच्या लेखी कालपर्यंतचं सगळंच जुनं, स्वतःच्या आठवणीसकट. कुठल्या गिऱ्हाइकाचं काय नाजूक आहे, कुठल्या फायलीच्या वाटेला जायचं नाही, असं महिनोन्महिने घोटून घेतलेलं सगळं गेलं. मंगळवारी सकाळी त्याने आम्हाला नमस्कार करून स्वतःची ओळख करून दिली. सगळा विभाग तोंडात बोटं घालून बसला. साडू एवढंच म्हणाले, ‘जुनं म्हणजे जुनं. कळायला नको?’

माझा तोल गेला. मी म्हणालो, ‘त्याला कसं कळणार? तुम्ही सांगितलंच नाहीत, तर कोणालाही कसं कळणार?’

बोललो यंत्राबद्दल, पण आवाज चढला तो भाचीमुळे. साडूंची ही एकुलती एक मुलगी बेंगळुरूला नोकरी करते. वर्षापूर्वी ती घरी आली आणि बापासमोर बसून म्हणाली, मी तिथल्या एका मुलाशी लग्न ठरवलंय. साडू म्हणाले, ‘बरं.’ आणि चपला घालून बाहेर निघून गेले. पोरीने काय समजायचं ते समजून घेतलं, बॅग उचलली आणि रडतच विमानतळ गाठला. लग्नाची नोंदणी तिकडेच झाली, आणि त्यानंतर ती या घरात आलेली नाही. यंत्राची आठवण एका झटक्यात पुसली गेली, तिच्या मनातलं ते ‘बरं’ मात्र जसंच्या तसं राहिलं. मेहुणी दिवाळीतसुद्धा हसली नाही, आणि मला त्या माणसाचा खरंच राग यायचा.

त्या आठवड्यात साडू वर्णनं पुन्हा लिहायला बसले. मी शेजारी बसून विचारत राहिलो. काढते म्हणजे काय काढते? काय राहू देते? समोरच्याचा गैरसमज कुठे होईल? या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी आधीचे दोन शब्द खोडले. अखेर घाम पुसत त्यांनी लिहिलं, की हे टूल फक्त तात्पुरत्या फायलींवर चालवावं, शिकवलेल्या कशालाही लावू नये, आणि शंका आली तर थांबून माणसाला विचारावं. लिहून झाल्यावर ते पुन्हा पुन्हा वाचत बसले. त्याच दुपारी आम्ही दोघे जेवायला बसलो, तर त्यांनी डबा उघडायच्या आधी फोन लावला. मला वाटलं, गिऱ्हाइकाला असेल.

‘ऐक,’ ते म्हणाले. ‘त्या दिवशी मी बरं म्हणालो. म्हणजे मला आनंद झाला होता. कात्रजला पेढे आणायला गेलो होतो. परत आलो तर तू नव्हतीस. पेढे वॉचमनला दिले.’

एका दमात इतकी वाक्यं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती, पण खरा धक्का पेढ्यांचा होता. वर्षभरात या माणसाने ही गोष्ट सख्ख्या बायकोलाही सांगितलेली नव्हती. पलीकडून भाची काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. ती बराच वेळ बोलत होती आणि साडू नुसते हं, हं करत होते. मग त्यांनी फोन ठेवला.

‘येते म्हणाली.’

मी विचारलं, कधी?

‘येईल.’

झालं, म्हटलं, आणि मी मुकाट्याने जेवायला लागलो. थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, ‘शनिवारी. जावईबापूही आहेत बरोबर.’

एक अख्खं वर्ष हकनाक गेल्याची हळहळ त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. ती मात्र त्यांनी बोलून दाखवली नाही, आणि मीही विचारलं नाही.