आधी पेन्सिल वाच

सातबाऱ्याचं रजिस्टर उघडण्याआधी आहेर आप्पा दोन्ही हात रुमालाला पुसायचे. कानावर कायम पेन्सिल. ते नामपूरकडच्या एका गावाचे तलाठी. मी नाशिकच्या इंदिरानगरातून कंत्राटावर आलेली, तालुक्याच्या कचेरीत हाती लिहिलेले सातबारे कॉम्प्युटरवर चढवणारी मुलगी. दोन हजार सालाच्या आसपासचे दिवस होते. आज किती उतारे झाले, एवढंच आम्हाला विचारलं जाई.

आप्पांना ही घाई सोसत नसे. शेजारी स्टूल ओढून बसत आणि पानापानाला बजावत, "पोरी, शाई मागून. आधी पेन्सिल वाच." मला हसू यायचं. खातेदार वारला की ते त्याच्या नावाला शाईने कंस करत आणि वारसाचं नाव खाली पेन्सिलीने लिहीत. सर्कलसाहेबांची सही झाली की त्यावर शाई फिरवायची. सही कधी आठवड्याने होई, कधी दोन-दोन वर्षं होत नसे. पण गावाला सगळं ठाऊक असल्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं.

अडलं ते आमच्यामुळे. कंसातलं सोडा, पेन्सिलीतलं सोडा, फक्त शाईचं चढवा, असा वरून हुकूम आला. आप्पा तेव्हा निवडणुकीच्या कामाला जुंपलेले, हा हुकूम त्यांना ठाऊकच नव्हता. त्यांच्या गावाचं रजिस्टर मी चार दिवसांत उरकलं.

पुढे हाती उतारे बंद झाले आणि आप्पांच्या गावच्या ठगूबाई त्यांच्याबरोबर कचेरीत आल्या. त्यांच्या नवऱ्याच्या नावाला कंस, त्यांचं नाव पेन्सिलीत. छापील उताऱ्यावर उरले फक्त दोन दीर, आणि त्यांनी शेत विकायला काढलं होतं. "आप्पा, मन्हं नाव शे ना?" बाईंनी विचारलं. आप्पा स्क्रीनजवळ वाकून बराच वेळ शोधत राहिले.

दुरुस्तीचे अर्ज झाले. निवृत्तीनंतरही आप्पा दर सोमवारी बाईंना घेऊन येत, जुनं रजिस्टर काढायला लावत. मशीनमध्ये नाही तर मी काय करू, असं नवे साहेब म्हणत. तेवढ्यात शेत विकलं गेलं. ठगूबाई त्याच शेतात कांदे खुडायला मजुरीने जाऊ लागल्या.

आप्पा त्याने खचले. एकदा माझ्या टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "तुझा काय दोष नाय, पोरी. माझी पेन्सिलच फिकी. तुला दिसलं नसंल."

मी नुसती मान डोलावली. त्याची लाज मला अजून वाटते. त्याच वर्षी आप्पा गेले, आपल्याच पेन्सिलीला बोल लावत.

नाव स्वच्छ दिसत होतं. कंसाखाली, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. मी ते वाचलं होतं, आणि पान उलटलं होतं.