जत्रेत गोंदलेल्या तीन फुल्या

सत्यशीलानं मालनबाईच्या पाठीखालची चादर दोन्ही हातांनी धरली आन् म्हातारीला टेबलावर नखभर वर सरकवलं. मग खोलीतला उजेड मंद केला. भिंतीतून लेझरच्या हिरव्या रेघा निघाल्या आन् म्हातारीच्या छातीवर पडल्या. तिथं तीन फुल्या व्हत्या. रेघ फुलीवर बसली की बाहेर जायचं आन् मशीन चालू करायचं, एवढंच काम. पण आज मधली फुली बसली की कडेच्या पळायच्या, कडेच्या बसवल्या की मधली पळायची.

"सत्या, बाहेर अकरा जण बसलेत," तनुजाताई दारातून म्हणली. ही तिची सीनियर, आठ वर्षं याच मशीनवर. "म्हातारी हलली असंल. लाव अन् चल."

"म्हातारी नाय हलली ताई. फुल्या हलल्यात."

"फुल्या काय मेंढरं हायेत का हलायला?"

सत्यशीला नुसती हसली. मेंढरांतच वाढलेली ती. बाप सोनाजी वैजापूरकडं अजून कळप राखतो. आपली मेंढरं ओळखायची गेरूची खूण दुसऱ्याच्या मेंढरावर गेली तर केवढी भांडणं व्हतात, हे तिनं लहानपणीच बघितलेलं. आन् इथं तर बोटभर चूक झाली की किरणं भलतीकडंच.

बारावी सायन्सला तिला मार्क बरे पडले, पण डॉक्टरकीला पुरले नाय. सगळे म्हणले, नर्सिंग कर. हिनं शोधून काढलं की कॅन्सरवर किरणं द्यायची वेगळीच पदवी असती. तीन वर्षं कॉलेज, वर एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्याच वर्षी फिजिक्समधी उडाली. पुंडलिकनगरच्या भाड्याच्या खोलीवर दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी पुस्तक उघडलं आन् पुढच्या खेपेला काढलाच तो विषय. तिच्यासारखी चिकट पोरगी अख्ख्या तालुक्यात नाय. कुणाला पटत नसंल तर न पटो. सोनाजीला गावात कुणी विचारलं, पोरगी काय करती, तर तो छाती काढून सांगायचा, "शेक देती." किरणांना तो शेकच म्हणायचा. लोकांना वाटायचं, दवाखान्यात गरम पाण्याची पिशवी धरून बसती.

तर आज सोमवार. संध्याकाळी मशीनचे मुख्य राजेंद्र सर तिच्या हातात इंटर्नशिपचा रिपोर्ट देणार व्हते. त्यांनी नापास लिहिलं की अख्खं वर्ष परत.

सत्यशीलानं खोलीतला उजेड वाढवला आन् वाकून बघितलं. तिनं काढलेल्या फुल्या पेनाच्या व्हत्या, ह्या पेनाच्या नव्हत्याच. हिरव्यागार, कडेला सुजलेल्या.

"मावशी, हे काय केलं?"

"गोंदून घेतलं की," मालनबाई खुशीत म्हणली. "घामानं तुही ती शाई रोज फिकी व्हायली. तूच म्हणली नव्हं, जीव गेला तरी खुणा जाऊ द्यायच्या नाय? काल जत्रंत गोंदणारीण बसली व्हती. मधी तुळस काढू का म्हणत व्हती. म्या म्हणलं, नको बाई, पोरीनं फुलीच सांगितलीय."

"अन् पेनाची खूण?"

"तिनं आधी तेल चोळलं, त्यात गेली पुसून. मंग म्या दाखवलं हितं-हितं, अंदाजानं."

तनुजाताईनं तोंडावर हात दाबला. हसू आवरलं तशी ती सत्यशीलाला बाजूला घेऊन हळू म्हणली, "सरांना सांग, म्हातारीनं सोताच्या मनानं केलं. खोटं थोडीच हाय? आज तुहा रिपोर्ट हाय, जरा डोकं चालव."

खोटं नव्हतंच ते. अर्धं खरं व्हतं. सत्यशीला सरांच्या केबिनपर्यंत गेली, दाराशी थांबली. मग शिरलीच आत आन् सगळं सांगितलं.

"पेशंटला गोंदायला कुणी सांगितलं?" सरांनी विचारलं.

"गोंदायला नाय सर. पण जीव गेला तरी पुसू देऊ नका, हे म्या सांगितलं. पुसली तर येऊन सांगा, आम्ही परत काढू, हे सांगायचं राहिलं. चूक माही हाय."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आज ट्रीटमेंट बंद. पुन्हा स्कॅन होईल, पुन्हा खुणा होतील. आणि डॉक्टर मॅडमना तू सांगायचं. मी नाही."

मॅडमनी तिला उभं-आडवं झापलं. कातडी तपासली, मलम दिलं. कातडी निवंस्तोवर थांबावं लागंल म्हणल्या. मालनबाई बाकड्यावर तोंड पाडून बसली. "मह्यामुळं पोरीला बोलणी बसली."

"मावशी, तुळस तरी काढून घ्यायची," सत्यशीला तिच्याशेजारी टेकत म्हणली. "बोलणी तेवढीच बसली असती, पण दिसायला तरी बरं दिसलं असतं."

म्हातारी पदर तोंडाला लावून खुदखुदली.

संध्याकाळी सरांनी पाकीट दिलं. पायऱ्यांवर उभं राहून तिनं ते फोडलं. पास. तेवढंच वाचून तिनं सोनाजीला फोन लावला. तिकडनं आधी मेंढरांचा आवाज आला, मग बापाचा. "मंग आता पगारावर शेक देणार म्हण की!"

पुढं मालनबाईचा कोर्स नीट पुरा झाला. तपासणीला येती तवा सत्यशीलाला भाकरी-ठेचा घेऊन येती. सत्यशीलाला तिथंच नोकरी लागली. नव्या पेशंटला ती सांगती, "खूण गेली तर घाबरू नका, मला येऊन सांगा. घासू नका, गिरवू नका, आन् गोंदू तर अजिबात नका." माणसं हसतात. म्हणजे ध्यानात ठेवतात.

एक गोष्ट मात्र पार वर्षानं कळली, तो रिपोर्ट लॅमिनेशन करायला गुलमंडीच्या बाजारात नेला तवा. काउंटरवर कागद उलगडला आन् नीट बघितला. पास आन् खाली राजेंद्र सरांची सही, दोन्ही निळ्या शाईत, तारीख शुक्रवारची. म्हातारी जत्रंला जायच्या आधीची. त्याच्याखाली काळ्या शाईत एक ओळ व्हती, तिच्यापुढं सोमवारची तारीख: "स्वतःची चूक सांगायला स्वतः आली."