फिद्दा आत्याची नांगरट

माझी सासू फिद्दा हिला सगळी वस्ती घाबरते आणि सगळी वस्ती तिच्याकडेच सल्ल्याला येते. लग्न होऊन खलील शहराच्या दक्षिणेकडच्या या डोंगरात आले तेव्हा वाटलं होतं, हिच्या जिभेपुढे आपला निभाव लागायचा नाही. लागला. कारण ती जीभ तिने समोरच्या टेकडीसाठी राखून ठेवली होती.

टेकडीवर इस्रायली वसाहत आहे. आधी एक कंटेनर आला, मग विजेचे खांब, मग पाण्याची पाइपलाइन. ती आमच्या दारावरून जाते, पण पाणी आम्हाला नाही. आम्ही टँकर मागवतो. वसाहत आणि आमची वस्ती यांच्या मधोमध आत्याची, म्हणजे माझ्या सासूची, जवाची पट्टी आहे. ती गेली की त्यांची घरं थेट आमच्या विहिरीपर्यंत येणार.

तुर्कांच्या राज्यातला एक कायदा इथं अजून चालवतात. सलग तीन वर्षं जमीन पडीक दिसली की सरकारजमा. म्हणून आत्या दर हिवाळ्यात गाढवाला नांगर जुंपते. जव हातभर वाढला की वसाहतीतला एलीशिव त्यात मेंढरं घालतो.

तिचा धाकटा दीर खलफ तिला चिडवायचा, "वहिनी, त्यांच्या मेंढ्यांचा चारा तू पेरतेस. पगार तरी माग!"

"जव गेला तर गेला. नांगर लागला ना जमिनीला? तुला जमत नसेल तर बस चहा पीत."

गेल्या वर्षी नोटीस आलीच. पट्टी पडीक आहे, हरकत असेल तर सांगा. लष्करी छावणीतल्या एका खोलीत सुनावणी होती. आमची वकील हनीन, आत्या आणि मी गेलो. समोर वसाहतीतर्फे एलीशिव बसला होता.

अधिकाऱ्याने विमानातून काढलेले फोटो पुढे केले. "पीक कुठे आहे?"

"यांच्या मेंढ्यांच्या पोटात," आत्या म्हणाली. दुभाषा खाली मान घालून हसला.

"नांगरताना कुणी पाहिलं? घरचं माणूस चालणार नाही."

हनीन हातातले कागद चाळू लागली. वस्तीतले सगळेच आमचे नातेवाईक, आणि बाहेरचं माणूस त्या पट्टीकडे फिरकतही नाही.

आत्याने एलीशिवकडे बोट दाखवलं. "आता याला विचारू नका म्हणजे झालं. हा कधी खाली उतरलाच नाही. म्हातारी बाई दिसली की टेकडीमागे पळतो. मला अडवायला हिंमत लागते!"

"उम्म नायेफ, काय बोलताय हे?" हनीनने आत्याचा, म्हणजे नायेफच्या आईचा, हात दाबला. आत्याने तो सोडवून घेतला.

दुभाष्याचं बोलणं संपायच्या आत एलीशिव लालबुंद होऊन उठला. "मी पळतो? दर हिवाळ्यात मी हिला हाकलतो! गाढवाचा दोर कापला, नांगर दरीत फेकला, तरी दुसऱ्या दिवशी ही पुन्हा नांगरायला हजर! एक वर्ष चुकवत नाही ही बाई!"

दुभाष्याने ते आम्हाला सांगितलं. मग आत्या अधिकाऱ्याला म्हणाली, "साहेब, हा काही माझ्या घरचा नाही."

निकाल पुढे ढकलला गेला. नोटीस रद्द झाली नाही, पण पट्टी तूर्त राहिली. बाहेर आल्यावर हनीन इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं. मला मात्र हसू येईना. जमीन आपली आहे हे सांगायला आपल्याला हाकलणाऱ्याचीच साक्ष लागावी, याचा संताप आला होता. टॅक्सीत मी तसं बोलूनही दाखवलं.

"संताप जपून ठेव," आत्या म्हणाली. "नांगर धरायला उपयोगी पडतो."

या हिवाळ्यात आम्ही दोघी पट्टीत उतरलो. एलीशिव टेकडीच्या कडेला उभा होता, पण तोंडातून शब्द काढला नाही. त्यालाही कुणी वकिलाने समजावलं असणार. त्याच्याऐवजी लष्कराची जीप आली. सैनिकांनी आम्हाला दगडांवर बसवलं आणि दिवस मावळेपर्यंत उठू दिलं नाही. जीप येईपर्यंत अर्धीच पट्टी नांगरून झाली होती. आत्याचे गुडघे धरले होते, तिला उठताच येईना. तिला असं मी कधी पाहिलं नव्हतं. मी हात देऊन तिला उभं केलं.

"उद्या नांगर मी धरते," मी म्हणाले.

"तासं वाकडी पडतील तुझी."

"पडू देत, आत्या. विमानातून दिसली म्हणजे झालं."

दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी पट्टी मी नांगरली.